भूषण कुठला?

सुशे, ये इकडे. तू अमळनेरला रुसून बसली आहेस हे ठाऊक आहे मला, तरी मनातल्या मनात तुला ओढून माझ्या शेजारी बसवलंय. बस, आणि तोंड वाकडं करू नकोस. मोठी बहीण आहे मी तुझी, चार शब्द ऐकवायचा हक्क आहे मला. "पहिलं बाळंतपण माहेरी करू दिलं नाही, असला कसला जावई," असं तू नात्यात सगळीकडे सांगत सुटलीस. तुझ्या मनीषाचं स्थळ मी जमवलं, म्हणून बोल मलाही लागले. बोलांचं काही नाही गं. पण ज्याला बोल लावतेस तो माणूस कोण आहे, हे तुला माहीत नाही, याचा मला राग येतो. तुझा थोडा, आणि दुसऱ्यांचा पुष्कळ.

तू भूषणला लग्नात पाहिलंस, कोट घालून अवघडलेला. मी त्याला आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत लहानपणापासून बघते. सकाळी दार उघडावं तर हा समोरच्या बंद शटरला पाठ लावून, पायात चाकांचे बूट, गुडघे वाकवून उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याने काहीही फेकायचं आणि याने ते अडवायचं. चेंडू, लिंबू, चुरगळलेली थैली, काहीही. एकदा माझी तुळशीची कुंडी त्याच्या चेंडूने फुटली. मी चिडून हातातला खराटाच भिरकावला. पठ्ठ्याने तोही अडवला, आणि वर म्हणतो, "काकू, पुढचा जरा डावीकडे फेका. तिथे माझं कच्चं आहे."

बाप लूमखात्यात मागावर, आई इंदूबाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवणारी. शाळेत एका सरांनी स्केटिंगला लावलं. कॉलेजात चाकांवरच्या हॉकीत हा गोलकीपर झाला. मग मॉलमध्ये बर्फाची फरशी आली, आपल्या दोन खोल्यांएवढी, आणि याला तिचं वेड लागलं. म्हणे बर्फावरची हॉकी खेळणार. मी हसले. सुरतेत बर्फ बघायचा तो गोळ्याच्या गाडीवर. पण त्या खेळात चेंडू नसतो, दगडासारखी रबराची चकती असते, आणि ती अशी येते की हाड मोडेल. गोलकीपरच्या पायांना जाड पॅड लागतात, ते इथे मिळेनात. मग मीच मशीनवर बसले. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन, आत जुन्या गादीचा फोम. किती सुया मोडल्या त्याला हिशेब नाही. मे महिन्याच्या उन्हात ते घालून गच्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, मी रिक्षाच दिसतो."

"मग मीटर टाक आणि उभा राहा," मी म्हटलं.

तेच पॅड घालून तो कॉलेजकडून खेळला, शहराकडून खेळला. मग राज्याच्या संघाची निवड आली. सगळ्यांत चांगला हाच, हे बाकीची पोरंच सांगत होती. तिथल्या साहेबाने जन्माचा दाखला पाहिला. त्यावर पारोळा, खान्देशातलं. का, तर इंदूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, जशी तू गेलीस, जशी मी गेले. साहेब गोड हसून म्हणाला, "भाई, तमे तो महाराष्ट्रना. त्यांथीज रमो ने." तिकडूनच खेळा ना. हा सुरतेत वाढला, सुरतेत शिकला, गुजराती त्या साहेबाइतकं बोलतो. काही चाललं नाही.

बरं, महाराष्ट्राकडे गेला. तिथल्या साहेबाने दाखला पाहिलाच नाही, याचं बोलणं ऐकलं. हा घाईत "चालेल"च्या जागी "चालसे" म्हणून गेला असेल. "तुझं मराठी तर गुजरातचं आहे रे. आमची मुलं काय कमी आहेत?" झालं. दोन्ही दारं बंद, तेही एकाच महिन्यात. घरी येऊन त्याने दाखला आईपुढे ठेवला.  इंदूबाई टिकल्यांचा डबा बाजूला सारून कपाळ धरून बसली. "मी माहेरले कसाले गयी वं?" माहेरी कशाला गेले, म्हणे, सुशे. एका बाईला तिच्या माहेराची लाज वाटायला लावली त्या दाखला बघणाऱ्या साहेबाने, आणि चहा पिऊन घरी गेला असेल तो.

भूषण मग लडाखला गेला. खेळाच्या एका शिबिरात ओळख झालेल्या एका मुलाच्या गावी गोलकीपर हवा होता. गोठलेल्या तळ्यावर सामने, ओठ फुटलेले, नाकातून रक्त. एकदा चकती लागून पुढचा दात गेला. त्यांना याचं नाव नीट जमेना, म्हणून पाठीवर रंगाने लिहून टाकलं, सुरत. दर हिवाळ्यात तो त्या गावासाठी खेळायला जायचा. उरलेलं वर्ष कापड मार्केटात पार्सलं बांधायचा आणि शेटची बोलणी खायचा. मी विचारलं, परक्या गावासाठी का हाडं मोडून घेतोस? तर म्हणाला, "तिथे कोणी विचारत नाही काकू. चकती अडली की झालं." आमच्याकडचे म्हातारे ओट्यावरून हाक मारायचे, "कोठला शे रे तू?" हा मान वर न करता सांगायचा, "जाळीना." गोलच्या जाळीचा. सगळे हसायचे.

पुढे त्या गावाने मोठी स्पर्धा जिंकली. भूषणने अडवलेल्या चकत्या मोबाईलवर घरोघर फिरल्या. आणि बघ गंमत. नाक्यावर एक फलक लागला, सुरतचा सुपुत्र. त्याच्याच खाली दुसरा, खान्देशचा वाघ. सत्काराला तोच गुजराती बोलणारा साहेब शाल घेऊन स्टेजवर. भूषणने शाल खांद्यावर घेतली, माईक घेतला आणि एवढंच विचारलं, "साहेब, आज मी कुठला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना विनोद वाटला. साहेबही हसला. मी पहिल्या रांगेत होते, मला उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. भूषणने माईक जागेवर ठेवला आणि आईशेजारी येऊन बसला. पुढच्या हिवाळ्यात गुडघा गेला, आणि खेळ संपला.

आता तुझ्या रागाचं. मनीषाला सातवा लागला, तू ओटी भरून न्यायला निघालीस, आणि हा म्हणाला, बाळ सुरतेतच होणार. त्याच्याशी आधी मीच भांडले. म्हटलं, "अरे, दाखला हे निमित्त होतं. त्यांना तुला घ्यायचंच नव्हतं. उद्या तुझं पोर इथे जन्मलं तरी ते आडनाव काढतील, बोलणं काढतील."

"काढू देत, काकू," तो म्हणाला. "निमित्त त्यांनी शोधावं. मी माझ्या हाताने देणार नाही."

 यावर तुझ्याकडे उत्तर आहे का? तुला हेच सांगायला त्याने फोन केला होता. तू त्याचा आवाज ऐकून ठेवून दिलास.

दवाखान्यात नर्स नोंद घ्यायला आली तेव्हा कोणी तोंड उघडायच्या आत इंदूबाई मोठ्याने म्हणाली, "सुरत. लिख सुरत." वॉर्डातल्या बाया वळून बघायला लागल्या. नर्स म्हणाली, मावशी, अहो, मुलगी झालीय, तिचं वजन तरी विचारा. एका आजीला नातीचं तोंड बघण्याआधी गावाचं नाव लिहवून घ्यावं लागतं, सुशे.  तू आपल्याच माणसावर राग काढत बसलीस, तर त्या साहेबांचं आणखी फावेल.

माहेर म्हणजे काय गं, अमळनेरच्या चार भिंती? आईचा हात म्हणजे माहेर. तो हात इकडे आण. डिंकाचे लाडू माझ्या ओट्यावर वळ, मनीषाच्या अंगाला तेल तू लाव, इंदूबाईला जमत नाही, ती फार हळू चोळते. मनीषा तोंडाने काही बोलत नाही, पण फोन वाजला की आधी नाव बघते आणि मग खाली ठेवते. बारसं आम्ही थांबवून ठेवलंय. गाडी सरळ इथे सुरतेत उधन्याला येते, भूषण स्टेशनवर उभा राहील. लंगडतो थोडा, त्याच्यासोबत सावकाश चाल. ये बाई, लवकर ये.