झाकणाखालचा कागद

रोझलिन टटलने उभं आयुष्य अंधार तयार करण्यात घालवलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण अंतराळातल्या दुर्बिणीचा डोळा म्हणजे नखाएवढी एक चिप, आणि ती खरी की खोटी हे काळ्याकुट्ट अंधारातच कळतं. समोर काही नसताना तिला काही दिसलं, तर ती लबाड. अमेरिकेत रोचेस्टरबाहेरच्या एका छोट्या संस्थेच्या तळघरात रोझलिनने बावीस वर्षं अशा चिपा घडवल्या आणि निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या. एक अख्खी दुर्बीण सरकारने मध्येच रद्द केली, तेव्हा बाईने दोन दिवस सुट्टी घेतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली.

मग नवी दुर्बीण ठरली, उष्णतेचा उजेड टिपणारी. हा उजेड आपल्याला दिसत नाही, पण जराशी ऊब असलेली प्रत्येक वस्तू तो सोडत असते. शर्यतीत शेवटी दोनच चिपा उरल्या: एक रोझलिनची, दुसरी कॅलिफोर्नियात छोटी कंपनी चालवणाऱ्या डेनिस ओकाम्पोची. दोघं एका वर्गात शिकलेले. या लोकांची रीत अशी, की तुझी मी तपासणार, माझी तू. उगाच ‘आपला तो बाब्या’ नको!

डेनिसची चिप नापास झाली. सगळं गोठवून टाकणाऱ्या द्रव हेलियमच्या थर्मासात, गच्च झाकणाखाली, तिला काहीबाही दिसतच राहिलं. रोझलिनने अहवालावर सही केली. तिची चिप निवडली गेली, आणि त्या शुक्रवारी सगळ्यांनी मिळून तळलेला मासा खाल्ला.

पाच महिन्यांनी तिचा जुना तंत्रज्ञ वॉल्ट तोच थर्मास साफ करत होता.

"डॉक्टरबाई, झाकणाखाली हा काळा कागद कुणी घातला?"

"मीच. फटीतून उजेड शिरू नये म्हणून. का रे?"

"अहो, झाकण भांड्याला टेकल्याशिवाय गार कसं होणार? कागदाने गारवा अडवला की सगळा!"

रोझलिनने तो कागद हातात घेतला. झाकण गार झालं नव्हतं, म्हणजे तेच उजेड सोडत होतं. डेनिसची चिप समोर होतं ते इमानदारीने सांगत होती आणि हिने तिलाच खोटं ठरवलं होतं.

"तुमचीही काही वाईट नाही," वॉल्ट हळूच म्हणाला. "गप्प बसलात तर कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना! आण डेनिसची चिप इकडे."

डेनिसची चिप अजून कपाटातच होती. कागद काढून चार दिवस पुन्हा तपासली. अंधारात तिला अंधारच दिसला. रोझलिनच्या चिपेपेक्षा ती कितीतरी सरस निघाली. रोझलिनला रडू आलं, स्वतःची भयंकर चीड आली. बावीस वर्षांचं काम हातचं जाणार होतं. तरी तिने फोन उचलला.

"डेनिस, चूक माझी होती. तुझी चिप उत्तम आहे. मी माझी मागे घेते, आजच कळवते."

पलीकडे डेनिसने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"रोझ, कंपनी बंद केली गं मी. एप्रिलमध्ये. चिपा बनवायची भट्टी विकली, माणसं पांगली. दुर्बिणीला अशा आणखी आठ लागतील, करणार कोण?"

"अरे, मग भांडलास का नाही माझ्याशी? पुन्हा तपास म्हणायचंस!"

"तू नापास केलीस म्हटल्यावर मला शंकाच आली नाही."

तिने तरीही सगळं लिहून कळवलं. वरच्या अधिकाऱ्यांचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे, आता बदल शक्य नाही. दुर्बीण वर गेली, रोझलिनच्या चिपा घेऊन. पहिली चित्रं आली तेव्हा समारंभ झाला, तिच्या गळ्यात पदक पडलं. जो अभिनंदन करायला येई त्याला ती सांगायची, "याहून चांगली चिप होती, डेनिस ओकाम्पोची. मी ती चुकीने नापास केली."

लोक हसून तिचा हात हातात घेत आणि दूर गेल्यावर एकमेकांना म्हणत, एवढं नाव झालं, पण बाईला गर्व म्हणून नाही.