दलालाने दिलेली खुर्ची

पोलिसातल्या नोकरीतली ती घटना मी विसरलेलो नाही. आठवली की आधी एक प्लास्टिकची खुर्ची डोळ्यांसमोर येते.

द्रोणागिरीच्या बंदरपट्ट्यातल्या एका गोदामातून तांब्याच्या तारेची भेंडोळी भरदिवसा ट्रकने गेली. कुलूप शाबूत, गेट उघडलेलं. गेटवरचा रखवालदार एकच वाक्य धरून बसला होता, "माझी नजर चुकली." ट्रकभर माल नजर चुकवून जात नाही.

रखवालदार राहायला कळंबोलीला. तिथल्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, तो ट्रान्सपोर्टचा दलाल हाय ना, या वॉचमनला उठून खुर्ची देतो. आपन उभा राहून चाय पितो. आमाला कधी नीट हाक पन मारली नाय त्याने."

मी दलालाला चौकशीसाठी बोलावलं. पण रखवालदार त्याचं नाव घेईना.

"त्यांनी मला माणसासारखं वागवलं," तो म्हणाला. "मला मॅनेजरसाहेब म्हणायचे. बारा तास उभा असतो मी. बाकी सगळे 'ए वॉचमन' म्हणतात."

गप्प राहिला असता तर तुरुंगात एकटा तोच गेला असता. त्याची बायको डबा घेऊन आली. जालन्याकडचं ख्रिस्ती कुटुंब. माझ्यासमोरच तिने त्याला धरलं. "दर रविवारी चर्चमध्ये शास्त्रातून ऐकता, गोड बोलणाऱ्याच्या नादी लागू नका. तिथं मान डोलवता. मी रोज बसा, जेवा म्हणते, तवा नाही वाटलं साहेब झालो म्हणून?"

त्याने मान खाली घातली. दलालाचं नाव मात्र घेतलं नाही.

मग मी त्याला शेजारच्या खोलीत बसवलं, दार अर्धवट उघडं ठेवलं आणि दलालाला समोर घेतलं.

"साहेब, तुमच्यासारखा ऑफिसर या पट्ट्यात झाला नाय," त्याने सुरुवात केली. मी कागदावरून नजर उचलली नाही.

"तो रखवालदार तुझा दोस्त ना?"

तो हसला. "दोस्त? तो येडा? त्याला कोनीपन खुर्ची दिली, साहेब म्हटलं, की गेट खोलेल. मलाच कशाला पकडता?"

शेजारच्या खोलीत गेलो तेव्हा रखवालदार खुर्ची सोडून भिंतीपाशी उभा होता. "लिहून घ्या," तो म्हणाला.

त्याने दाखवलेल्या भंगाराच्या यार्डात माल सापडला. पुढे कोर्टाने त्याला माफीचा साक्षीदार केलं. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जामिनावरचा दलाल बाकावरून उठला. "बसा मॅनेजरसाहेब, दमला असाल." रखवालदाराने जबाब फिरवला असता तर दलाल सुटला असता आणि याच्यावर पुन्हा खटला उभा राहिला असता.

"मी उभाच बरा आहे," रखवालदार म्हणाला. नावाचा पुकारा होईपर्यंत तो बसला नाही. आत जाऊन त्याने सगळं खरं सांगितलं.

ज्याला जे मिळत नाही, तेच घेऊन मोह त्याच्याकडे येतो. त्या मोहाला तो माणूस दुसऱ्यांदा बळी पडला नाही, हे त्याचं कर्तृत्व. पण त्याला मानाची भूक लावली आपण, रोज अशा गेटमधून जाणाऱ्यांनी.

निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभेत मी एकच ठराव मांडला. गेटवर खुर्ची ठेवा.

"वॉचमन झोपेल, काका," सेक्रेटरी म्हणाले.

"झोपला तर उठवू," मी म्हणालो. "पण त्याला खुर्ची देणारा पहिला माणूस चोर नसावा."