फुकटच्या राखणदाराची राखण

'ऐच्छिक' या एका शब्दापायी मी मागच्या मार्गशीर्षात पंचवीस माणसांना भर दुपारी चिंब भिजवलं. त्यातले तिघे सत्तरीच्या पुढचे होते आणि एकाच्या हातात कोंबडा होता. (त्या दिवशी फायदा झालाच असेल तर तो फक्त त्या कोंबड्याचा. पण ते पुढे.)

आमची आये देवगडच्या अलीकडे गावच्या घरी एकटी राहते. चाळीस आंब्याची कलमं, वीस-पंचवीस माड आणि एक विहीर एवढं तिचं राज्य. मी कोल्हापुरात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. थोरला भाऊ, म्हणजे दादा, ठाण्याला. गेल्या पावसाळ्यात आये विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. शेजारचे तात्या कुंपणापाशी येईपर्यंत तासभर ती तिथेच बसून होती. झालं! दादाने आम्हा तिघांचा एकत्र फोन लावला.

"आयेक मी ठाण्याक न्हेतंय," त्याने जाहीर केलं.

"माका इचारलंस?" आये कडाडली. "चौदाव्या माळ्यार मी काय करू रे? खिडकी उघडली काय दुसऱ्याची खिडकी! माका सकाळी उठल्यार माड दिसाक होये."

"आणि परत पडलस तर?"

दादाने फोन ठेवल्यावर आयेने मला वेगळा फोन केला आणि हळू आवाजात म्हणाली, "सुहासा, काय तरी कर रे. माका खंय जावचा नाय."

माझी आये कधी कुणाकडे काही मागत नाही. त्यामुळे मी तिथल्या तिथे ठरवलं, की आये हलणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी नाही!

उपाय माझ्याकडे होता. साबणाच्या डबीएवढं एक यंत्र घ्यायचं आणि त्यात घर सांभाळणारी एक प्रणाली भरायची. मग दिवे, पंप, कॅमेरा, भोंगा, सगळं तिच्या ताब्यात. प्रणाली पूर्ण फुकट! जगभरच्या हौशी लोकांनी रात्रंदिवस खपून बनवलेली आणि वर 'घ्या, वापरा, बदला' म्हणून मोकळी सोडलेली. फक्त दोन सोयींसाठी त्यांची क्लाउड सेवा होती आणि तिला पैसे पडत होते. एक म्हणजे बाहेरगावाहून घरात डोकावणं आणि दुसरी म्हणजे यंत्राला माणसाचं बोलणं नीट समजणं. पण तिच्यापुढे स्वच्छ लिहिलेलं होतं : ऐच्छिक.

"अहो, भरा की ते पैसे!" आमची मीनल म्हणाली. (ती अस्सल कोल्हापूरची.) "महिन्याला चार मिसळी कमी खावा."

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा म्हणजे पैशांचाच की!"

तिला काय कळणार? मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. माझ्याच घरात शिरायला मी दुसऱ्याला पैसे मोजू? मी तीन रविवार गावी जाऊन, पाय मोडेपर्यंत माळ्यावर उकिडवा बसून, बाहेरून घरात शिरायची स्वतःची फुकट वाट तयार केली. गावी घरात बसून फोनवर घर लख्ख दिसत होतं! (घरात बसून घर दिसतं हे मीनलच्या मते यंत्राशिवायही जमतं.) कोल्हापुरात आलो, फोन उघडला, तर पडद्यावर एक गोल चक्र फिरतंय. सोमवारी फिरलं, मंगळवारी फिरलं. बुधवारी मी आयेला फोन लावला.

"आये, माळ्यावरच्या काळ्या डब्याची वायर काढ आणि परत घाल."

"स्टुलार चढूक होया."

"मगे चढ!"

हे तिने त्याच संध्याकाळी दादाला कौतुकाने सांगितलं. दादाचा फोन आला तेव्हा मी तो कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी मीनलला स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

"मोडक्या हाताच्या आवशीक स्टुलार चढयतस? लाज नाय तुका? मी राखणेक येतंय. त्या दिवशी तुझी मशीन माझ्यासमोर चलली तर आये हंय रवात. नायतर दुसऱ्या दिवशी माझ्या गाडयेत!"

राखण म्हणजे बागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा मान. आमच्या बागेचा राखणदार फणसाखालच्या पाषाणात असतो. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालून मागणं मागायचं. मग वर्षभर तो बाग सांभाळतो. तो काही मागायला येत नाही, पण राखण चुकली तर कोपतो, असं आये सांगते.

बाहेरून डोकावायची वाट सोडून मी आता आवाजाच्या मागे लागलो. आयेने नुसतं बोलायचं आणि यंत्राने ऐकायचं! बोलणं समजायची फुकटातली सोय जरा मंदबुद्धी होती. ऐकलेल्या वाक्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटला, की ती त्याच्या जवळपासचं काम करायला निघायची. आये म्हणाली, "माका कोंबड्यांका तांदूळ घालूचे आसत," आणि हिने माळ्यावरचा दिवा लावला. पण मी हार मानतो होय? प्रत्येक कामाआधी यंत्राने विचारायचं आणि आयेने होकार दिल्यावरच काम करायचं, असा बंदोबस्त केला. होकाराचा शब्द आयेच्या तोंडातलाच ठेवला : 'व्हय'.

राहता राहिली हाक, म्हणजे यंत्राला जागं करायचा शब्द. यंत्राचं मूळचं इंग्रजी नाव काही केल्या आयेच्या जिभेवर बसेना.

"आणि तेका एकेरी हाक मारू?" आये म्हणाली. "घराची राखण करतलो, म्हणजे राखणदारच तो. तेका म्हाराजा म्हणाक होया."

मला पटलं. मी आयेकडून साठ वेळा 'म्हाराजा' म्हणवून घेतलं आणि यंत्राला ती हाक पाठ करवली. त्याचे कान आणि तोंड खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, वरच्या वळचणीला बसवले, कुठूनही हाक मारली तरी पोचावी म्हणून. बागेच्या पंपाला पाण्याचे फवारे जोडले, त्यातले चार खळ्याकडेच्या अबोलीसाठी. चोरांसाठी एक भोंगा आणला. दुकानदार म्हणाला, हा कारखान्यासाठी असतो. म्हटलं, द्या.

जे माझ्या लक्षात यायला हवं होतं, ते वाचणाऱ्या मालवणी माणसाच्या एव्हाना आलंच असेल. मी जन्माने मालवणी, पण माझ्या आलं नाही!

राखणेचा दिवस उजाडला. दादा आदल्या दिवशीच आला होता. आल्या आल्या त्याने स्टूल उचलून आपल्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि डिकीला कुलूप लावलं. "आता चढ बघू," तो आयेला म्हणाला. फणसाखाली नारळ ठेवून बारा-पाचाची मंडळी, म्हणजे गावचे मानकरी आणि शेजारीपाजारी, खळ्यात जमली. गाऱ्हाणं घालायला तात्या उभे राहिले. तात्यांचा आवाज खणखणीत, पण कान अधू. त्यातून गाऱ्हाणं घालताना ते डोळे मिटतात. बाकीच्यांचं काम एवढंच, की तात्या थांबले की एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!" तात्यांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

वळचणीला यंत्राचा निळा ठिपका पेटला, म्हणजे ते जागं होऊन ऐकू लागलं.

"ह्या घरातलो दिवो असोच तेवत रवांदे!"

"दिवे लावू का?" वरून शुद्ध मराठीत विचारणा झाली.

"व्हय म्हाराजा!" पंचवीस जणांनी होकार दिला.

भर उन्हात घरातले, पडवीतले, गोठ्यातले सगळे दिवे झगझगले. मंडळींनी हात जोडले. दादाने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मीही असं डोकं हलवलं, की हे सगळं माझं ठरलेलंच होतं. तिथेच चुकलो!

"म्हाराजा, ह्या बागेक कधी पाणी कमी पडा नये!"

"बागेचा पंप सुरू करू का?"

"नको!" मी ओरडलो. पण माझा एकट्याचा 'नको' आणि समोर पंचवीस जणांचा "व्हय म्हाराजा!" लोकशाहीच ती!

विहिरीकडे पंप गुरगुरला. पाणी खळ्यापर्यंत यायला अर्धा मिनिट लागतो, हे मला माहीत होतं. मी तात्यांकडे धावलो. "तात्यानू, थांबा! थांबा!" तात्यांना वाटलं मी मोठ्याने बोला म्हणतोय. त्यांनी आवाज चढवला.

"आणि चोरचिलटापासून ह्या घराची राखण कर, म्हाराजा!"

"चोराचा भोंगा वाजवू का?"

"व्हय म्हाराजा!"

भोंगा आणि पाणी एकदमच आले. चार फवारे चार बाजूंनी सुटले, ते अबोली सोडून सगळ्यांवर. आणि वर तो कारखान्याचा भोंगा! मंडळी सैरावैरा पळाली. कोंबडा सुटला, तो तात्यांच्या टोपीवर पाय देऊन कुंपणापलीकडे गेला. तात्यांनी डोळे उघडले आणि ओरडले, "कोपलो रे कोपलो! राखणदार कोपलो!"

मी माळ्याकडे धावलो. वायर उपटली की खेळ खलास. पण स्टूल? डिकीत! किल्ली? दादाच्या खिशात! दादा? फणसापर्यंत पोचलेला! मी परत खळ्यात आलो आणि भिजत उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "म्हाराजा, सगळा बंद कर!"

"सगळं बंद करू का?" यंत्राने शांतपणे विचारलं.

आता मात्र एकाच्याही तोंडून 'व्हय' निघेना! पंधरा वर्षं कोल्हापुरात काढलेला माणूस मी, घाईत तोंडाला आलं तेच बोललो. "हो!"

"मला समजलं नाही."

"हो! होय! येस! चालेल! अरे कर की मेल्या!"

"मला समजलं नाही."

तेवढ्यात आये पडवीच्या पायरीवर आली. पदर नीट केला, अधू हात छातीशी धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "व्हय, म्हाराजा."

भोंगा बंद. पाणी बंद. दिवे बंद. वर ते मेलं यंत्र तिला म्हणालं, "झालं."

खळ्यात पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा येत होता. दादा ओला शर्ट पिळत फणसाखालून आला. संपलं सगळं! उद्या सकाळी आये गाडीत.

दादाने आयेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आये हंयच रवांदे. ती सगळ्यांका पुरान उरात. ह्या सुहासाक मात्र मी ठाण्याक न्हेतंय. ह्येका एकटो ठेवण्यात अर्थ नाय!"

मंडळी खो खो हसली. आये हसली नाही. पदराने डोळे पुसून तिने मला भाकरी-सांबाऱ्याला बसवलं आणि मग हळूच विचारलं.

"सुहासा, ह्येची राखण दिलंस?"

"दिली ना. नारळ ठेवलो. कोंबडो पळालो तेका मी काय करू?"

"त्या म्हाराजाची नाय. वळचणीच्या. तेका बनयल्यानी, ते लोक काय घेतत?"

"काय नाय. फुकट आसा. थोडे पैसे असतत, पण ते ऐच्छिक."

"मेल्या!" आयेने कपाळाला हात लावला. "फणसाखालचो तरी कधी मागूक येता? राखण ऐच्छिकच असता रे! म्हणान कोण चुकवता काय? लोकांनी रातचो दिवस करून तुका राखणदार दिल्यानी, आणि तू तेंका नारळभर मान देवक नाय! कोपात नाय तर काय करात?"

मी हात धुतले आणि तिथेच पाटावर बसून क्लाउड सेवेचे पैसे भरले. अबोलीचे फवारे सोडले तर तेव्हापासून आजवर काही कोपलेलं नाही. आता कोल्हापुरातून मला घर लख्ख दिसतं, आणि आये 'तांदूळ' म्हणाली की यंत्राला तांदूळच ऐकू येतात. (कोंबडा तात्यांच्या आवारात सुखात आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.)

फक्त एक झालं. आयेच्या हट्टाने मी तसंच एक यंत्र कोल्हापुरातही बसवलं आणि गावच्या यंत्राला जोडून दिलं. आता रोज सकाळी सहाच्या ठोक्याला आमचा पंखा आपोआप थांबतो, दिवा डोळ्यांवर पेटतो आणि भिंतीतून आयेचा आवाज येतो, "सुहासा! उठलंस?"

"अहो, उत्तर द्या की!" मीनल पांघरुणातून ढोसते. "नाहीतर भोंगा लावतील त्या!"

आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर, स्वतःच्या पैशाने लावून घेतलेल्या त्या उजेडात हात जोडून उठून बसतो आणि म्हणतो, "व्हय म्हाराजा!"