दाराकडची फुलं

आमच्या गावातल्या जुन्या दरबार हॉलच्या छताची डागडुजी चालू आहे. परवा आमच्या संघटनेची पत्रकं वाटता वाटता आत बघायला गेलो. वर गिलाव्यात काढलेले युरोपी थाटाचे विजयाचे हार, मशाली, पंख पसरलेले गरुड. सिंहासनाच्या जागेच्या वर छतातल्या फुलांची पाकळी न् पाकळी कोरलेली आहे. दाराकडे येता येता मात्र फुलांचे नुसते गोळे होत जातात.

"कारागीर कंटाळला होता का?" परांचीवर बसलेल्या दाजीबा गवंड्यांना मी विचारलं.

"कंटाळतोय कशाला! दाराशी रयत उभी राहायची. मान वर केली की चोपदाराची काठी. मग कोरायचं कुणासाठी? माझा आजा तिथंच उभा राहायचा."

ती फुलं आता पुरी कोरू द्या, अशी दाजीबांनी देखरेखीच्या साहेबांना विनंती केली होती. खालीच उभे असलेले साहेब म्हणाले, "वारसा आहे तो. जसं होतं तसंच करायचं."

"अपमानही जपायचा?" मी तावातावाने विचारलं.

"तुमची पत्रकं बाहेर वाटा," साहेब हसले.

गरुड सगळ्यांनाच दिसतो. सत्ता मला त्या न कोरलेल्या पाकळ्यांत दिसली. कुणी वर बघायचं नाही, हे तिथे चुन्यात लिहून ठेवलं आहे, आणि आपण ते पुन्हा गिरवतो आहोत.

दाजीबांनी ओला गोळा छताला लावला. हात सवयीने फिरला आणि एक पाकळी उमटली. त्यांनी खाली साहेबांकडे पाहिलं आणि अंगठ्याने ती पुसून टाकली.