बोळाबाईची सही

वॉर्डात तिला सगळे बोळाबाई म्हणत. तोंडावर मात्र मावशी. तीस वर्षं ड्रेसिंग करतेय, कागदोपत्री पद अजून 'मदतनीस'. तिच्याबद्दल कुणी चार बरे शब्द लिहिलेले नाहीत, म्हणून मी लिहितोय. आणि चिडून लिहितोय.

मी भाजीबाजारात लिलाव पुकारतो. माझ्या गालाच्या आतली गाठ काढून तिथे माझ्याच मांडीची पातळ कातडी लावली. ती धरली नाही तर गाल आतून आकसणार, जबडा उघडणार नाही, म्हणजे माझं पुकारणं कायमचं बंद. कातडी सरकू नये म्हणून तिच्यावर मलमाचा बोळा घट्ट शिवून टाकतात. सात दिवस त्याला हात लावायचा नाही. बोळाबाई डोळ्यात तेल घालून तो सांभाळायची. मी जिभेनं चाचपायला गेलो की दटावायची. मांडी गालापेक्षा जास्त ठणकायची. त्यावर तिचं म्हणणं, गालाचे एवढे लाड चाललेत, मांडी रुसणारच.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावच्या चार सर्जनांना घेऊन आले. पाहुण्यांना आपलं काम दाखवायची त्यांना भारी हौस. बोळाबाई आडवी आली. तिसराच दिवस आहे, कातडी अजून धरलेली नाही, एवढंच तिनं हळू आवाजात सांगितलं. चारचौघांत मदतनीस बाईनं अडवलेलं साहेबांना झोंबलं. त्यांनी स्वतः टाके कापले आणि बोळा उचलला. बोळ्याला चिकटून कातडीही आली. काय झालं ते मला बोळाबाईच्या चेहऱ्यावरून कळलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि सगळे चहाला गेले.

घाईघाईनं परत बसवलेली ती कातडी काळी पडली. पुन्हा ऑपरेशन, आता दुसऱ्या मांडीची कातडी. ते झालं त्याच दिवशी बोळाबाई माझ्या खाटेपाशी असताना कारकून तिच्या सहीसाठी एक कागद घेऊन आला. 'ड्रेसिंग सैल बांधल्यामुळे कातडी सरकली.' सगळं खापर तिच्या माथी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडात नवा बोळा शिवलेला. मी खाटेच्या दांडीवर हात आपटला. तिनं माझा हात धरून खाली ठेवला आणि मुकाट सही केली. मला तिचाही राग आला. इतकी कसली लाचारी?

त्यानंतर सात दिवस मी तिच्याकडे धड पाहिलं नाही. आठव्या दिवशी तिनंच टाके कापले, बोळा भिजवून अलगद सोडवला. आत गुलाबी कातडी, पक्की धरलेली. दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडलं.

पहिलं वाक्य तेच निघालं, "मावशी, तुम्ही सही का केलीत?"

ती चिमट्यानं दोऱ्याचे तुकडे वेचत होती. "नसती केली तर त्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डात टाकणार होते मला. मग हा बोळा कुणी राखला असता?"