ढावल्यावर कोणी नाचत नाही

मारेगावात बबिताच्या चक्कीवर दळण घेऊन जायचं, म्हणजे कानांत बोटं घालायची तयारी ठेवूनच जावं. एक तर मिरचीकांडपाचा तो धडधडाट, आणि त्याच्यावर वरताण म्हणून बाईनं भिंतीला टांगलेला काळा स्पीकर. त्यातून राजूरच्या ‘दगडी’ बँडचा विक्की असा काही गरजतो, की नवं गिऱ्हाईक दारातच थबकतं.

“हा कोणाचा हेला गाऱ्यात फसला व?” सुखीबाईनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. तिला वाटलं, कोणाचा तरी रेडाच चिखलात रुतून ओरडतो आहे.

“मेटल म्हणतेत मावशी त्याले,” बबिता म्हणाली.

सुखीबाईनं ऐकलं मेंटल, आणि गावभर केलं. तेव्हापासून लोक चक्कीवालीला मेंटल म्हणतात. बबिताही कोणावर डाफरत नाही. पीठ पिशवीत ओतता ओतता एवढंच म्हणते, “वरचं टिंब काढ, मंग बरोबर आहे.”

खरं सांगायचं, तर ही काही हौसेनं लागलेली गोडी नव्हे. चक्कीच्या आवाजापुढं दुसरं काही टिकतच नव्हतं. भजनं लावून पाहिली, सिनेमाची गाणी लावून पाहिली, एक शब्द कानावर पडेल तर शपथ. तिचा नवरा सुनील कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं राजूरहून एकदा पेन ड्राइव्ह आणला आणि म्हणाला, “तिकडचे पोट्टे बोंबलून राह्यले, ऐकून तं पाह्य.” पहिली दोन गाणी बबितानं दळण सांभाळत ऐकली. तिसरं ‘ढावलो’ लागलं आणि तिनं मशीन बंद केली.

ढावलो म्हणजे गोरमाटी, म्हणजे बंजारा, नवरीचं रडणं. सासरी निघालेली पोरगी एकेकाच्या गळ्यात पडते आणि हेल काढकाढून मन मोकळं करते. ते गोड नसतं, आणि गोड असावं तरी कशाला? बबिताच्या आईनं, रामीबाईनं, झरी जामणीकडच्या तांड्यावर अख्खा उन्हाळा लेकीकडून ढावलो घोटून घेतला होता. लग्नात काय झालं, तर डीजे लागला. शूटिंगवाला म्हणाला, रडू नका, मेकअप पसरते. सासरच्या हौशी बायकांनी हसत हसत नवरीला गाडीत कोंबलं आणि रामीबाईच्या गळ्यात पडायचं राहूनच गेलं. दुसऱ्या वर्षी रामीबाई वारली. पोटात घेऊन आलेला तो ढावलो बबितानं कुठं ठेवायचा होता?

आणि इथं विक्की, खाणीत काम करणाऱ्या देवरावचा हा बौद्ध पोरगा, बँडात ड्रम वाजवणाऱ्या तांड्यातल्या बादलकडून शिकून, ‘याडी ये’ म्हणून बेंबीच्या देठापासून हंबरत होता. याडी म्हणजे आई. बबिता मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून पोटभर रडली. गिऱ्हाइकांना वाटलं, तिखट गेलं डोळ्यांत.

त्यानंतर ‘दगडी’चा कार्यक्रम कुठंही असो, बबिता हजर. वणी, राजूर, पांढरकवडा, कुठंही. सोबत मोबाईलच्या दुकानातली उर्वशी. लुगड्यावर बँडचं काळं टी-शर्ट घालून येणाऱ्या एक हंसाबाईही तिथंच भेटल्या. विक्की बबिताला ताई म्हणायला लागला. ढावलो म्हणताना तो हटकून तिच्याकडे पाहायचा, आणि तिला वाटायचं, आपल्या वाट्याचं हा रडून टाकतो आहे.

यंदा काय झालं, तर विक्कीला नागपूरच्या एका गाण्यांच्या कंपनीनं उचललं. बादलच्या जागी लॅपटॉप आला आणि बादल गेला खाणीवर. मग नवा ‘ढावलो’ आला. त्यात विक्कीचा आवाज पाकात बुडवून काढलेला, खाली बासरी, ‘याडी ये’च्या मागं टाळ्या, आणि व्हिडिओत आरशांच्या घागऱ्यातल्या पोरी कंबर हलवत होत्या. आईच्या गळ्यात पडून रडायच्या गाण्यावर कंबर हलवत होत्या.

चाहत्यांच्या ग्रुपवर आगडोंब उसळला. कोणी बँडच्या फोटोला हार घालून श्रद्धांजली वाहिली, कोणी टी-शर्टाचं पोतेरं करून फोटो टाकला. पण गाणं गाजायला लागलं तशी मंडळी हळूहळू वळली. आपलाच पोरगा मोठा होऊन राह्यला म्हणे. ऐकून ऐकून जमते म्हणे. शेवटी सुनीलही म्हणाला, “पोराचं भलं होऊन राह्यलं. तुले काय करा लागते?”

“होऊ दे ना भलं,” बबिता म्हणाली. “पर माही माय कायले विकते?”

सुनीलनं ताट पुढं ओढलं.

वणीला नव्या विक्कीचा पहिला कार्यक्रम होता. उर्वशी नको नको म्हणत असताना बबितानं तिला ओढत नेलं. संध्याकाळी मैदान फुल्ल. पांढरा कोट घालून विक्की आला, ‘ढावलो’ची बासरी लागली आणि गर्दी नाचायला लागली. बबिता अगदी पुढं, हाताची घडी घालून उभी. तिला पाहून विक्की हरखला. “आपल्या पहिल्या फॅन, बबिताताई! या ताई, नाचा आमच्यासंग,” तो माइकवर म्हणाला आणि पोरांनी तिला हात धरून स्टेजवर चढवलंसुद्धा.

“विक्की, हे नाचाचं गाणं होय काय?”

“ताई, लोकाईले हेच पाह्यजे आता.”

“मंग मी लोकाईत नाही काय?”

माइक चालूच होता. गर्दीतून शिट्ट्या आल्या. विक्कीनं हसण्यावारी नेलं आणि माइक तिच्यापुढं धरला. “बरं, तुम्हीच घ्या मंग ढावलो. होऊन जाऊ द्या.”

बबिताला ढावलो अजून पाठ होता. आईनं घोटून घेतलेला शब्द न् शब्द, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. पण या बासरीवर, या नाचणाऱ्यांपुढं? तिनं माइक त्याच्याकडे लोटला.

“मी कायले घेऊ? जाते त्यानं ढावलो घ्याचा असते. मी कुठीच नाही चालली. जाऊन तू राह्यला. तू घे.”

आणि तिनं दोन्ही हात पसरले. गळ्यात पडायला येणाऱ्यासाठी पसरतात तसे. गर्दीतल्या तांड्यातल्या बायकांना ते लगेच उमगलं. त्या नाचायच्या थांबल्या, मग त्यांच्या शेजारचे थांबले. विक्कीनं हात वर केला, लॅपटॉपवाल्यानं बासरी बंद केली. तो तिच्याजवळ आला, मान तिच्या खांद्यावर टेकवली आणि तोंड उघडलं.

“याडी ये…”

आवाज गोडच निघाला. त्यानं पुन्हा दम घेतला, पोट आवळलं. पुन्हा तेच, मधाचं बोट लावल्यासारखं. तिसऱ्यांदा त्यानं तोंडच उघडलं नाही.

बबितानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. राग होताच, पण पोरगा खांद्यावरून मान उचलत नव्हता.

“नाही येत ना आता?” ती म्हणाली. “मंग नाव बदल गाण्याचं. दुसरं काहीही ठेव आणि खुशाल नाच. ढावलो आमचा आहे, तो इथंच राहीन.”

ती समोरूनच खाली उतरली. उर्वशीनं हात दिला. लॅपटॉपवाल्यानं बासरी पुन्हा चालू केली, पण पुढच्या रांगेत कोणी नाचलं नाही.