दोन आणि तीनला आउट

त्या वर्षी मी वाशीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि तात्या दिवसभर घरी असत. तात्या म्हणजे माझे वडील. कांदा-बटाटा मार्केटात ते माथाडींच्या टोळीत होते. गाडीतून पोती उतरवताना त्यांच्या पाठीत काहीतरी सरकलं. तेव्हापासून कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत गोधडी टाकून ते उताणे पडलेले असत.

दवाखान्याचा कागद मीच वाचला होता. घरात इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. यापुढे वजन उचलू नये, असं त्यावर लिहिलं होतं. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. मी तो दोनदा वाचला आणि सांगितलं, "तीन महिने विश्रांती." असं का सांगितलं, ते मला नीट सांगता येणार नाही. तात्या बोटांवर महिने मोजू लागले. टोळीत परत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

फाशांचं क्रिकेट मी कॉलेजात शिकलो होतो, ते तात्यांना शिकवलं. ल्यूडोचे दोन फासे टाकायचे आणि बेरजेप्रमाणे धावा लिहायच्या. वहीत प्रत्येक खेळाडूची एक ओळ असे, कोणत्या बेरजेला किती धावा आणि कोणत्या बेरजेला आउट. सात सगळ्यांत जास्त वेळा पडतात, म्हणून कच्च्या खेळाडूला सातला आउट ठेवायचं. चांगल्याला क्वचित पडणाऱ्या बेरजेला. माझा संघ वर्गातल्या मुलांचा होता. तात्यांनी आपली टोळी उतरवली. पोती कोण कशी उचलतो, त्यावरून कोण कसा खेळेल ते त्यांनी ठरवलं. स्वतःला पहिल्या नंबरला घातलं. दोन आणि तीनला आउट, म्हणजे छत्तीसात तीनदा. संघात त्यांच्याहून चांगली ओळ कुणाचीच नव्हती.

पाच सामन्यांत मिळून त्यांच्या अकरा धावा झाल्या.

"ह्यो मुकादमाचा मेव्हणा," तात्या म्हणाले, "एक गोणी न्यायची तर चार जागी टेकतो. आन् हितं पन्नास करतोय?"

"फाशांना काय माहीत, तात्या."

"मंग माझंच बरं माहीत हाय त्यास्नी!"

मी समजावून सांगितलं. फाशाला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक वेळी तो नव्यानेच पडतो. पाच सामने म्हणजे फार थोडे, शंभर खेळले तर तुमच्याच धावा जास्त होतील. आठवड्यापूर्वीच वर्गात शिकवलेलं होतं, त्यामुळे मला ते छान सांगता आलं.

तात्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे कुनाची चूक न्हाई?"

"नाही."

"पाठ ग्येली त्या दिशी गाडीवर आमी आठ जन हुतो."

ते आंघोळीला गेले तेव्हा मी खोडरबर घेऊन त्यांची ओळ बदलली. फक्त बाराला आउट ठेवलं. दोनला चार धावा, तीनला एक.

सहाव्या सामन्यात तात्यांनी फासे टाकले. दोन्हींवर एकेक पडला.

"ग्येलो," ते म्हणाले.

"चौकार," मी वहीत बघून म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. तात्या शाळेत गेले नव्हते, पण पोत्यांवरच्या आकड्यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. खोडलेल्या जागी त्यांनी अंगठा फिरवला.

"आकडं कळत्यात मला."

"हो."

"आन् त्या दवाखान्याच्या कागदावर काय हुतं?"

ते रागावले नव्हते. गाडी किती वाजता लागते, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. यापुढे वजन उचलायचं नाही.

"तीन म्हैनं?"

"महिने लिहिलेले नाहीत. कधीच नाही."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. तात्या छताकडे बघत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. काहीच आलं नाही. मी पेन्सिलीचं टोक बघत बसलो.

"माझी वळ खोड," ते म्हणाले.

मी खोडली. त्या जागी कागद इतका पातळ झाला होता की खालच्या पानावरचे आकडे दिसत होते.

"पहिल्या नंबरला कोण?"

"टोळीत माझ्या जागी ज्याला घेतलाय त्याला घाल."

"कसा आहे तो?"

"म्या कुटं बघितलाय?" ते म्हणाले, "दे तुला द्यायचं ते. पर एकदा दिलं की बदलू नगं."

मी त्या माणसाला पाचला आउट दिलं, छत्तीसात चारदा. तात्यांनी फासे ओंजळीत घेतले, हलवले आणि पडल्यापडल्याच फरशीवर टाकले. नऊ पडले. दोन धावा. मी त्या लिहिल्या आणि फासे त्यांच्या हाताजवळ सरकवले.